नवजात बाळ नीट पीत नाही, सारखं दूध काढतं: काय बघायचं, काय लिहून ठेवायचं, लगेच कधी निघायचं

माझा मुलगा २१ दिवसांचा होता. पाजून झालं, खांद्यावर घेतला, ढेकर आली आणि पाठोपाठ पोटातलं सगळं दूध बाहेर आलं. ते माझ्या खांद्यावर सांडलं नाही, मागच्या खुर्चीवर जाऊन पडलं. गुळण्या तो आधीपासूनच टाकायचा, म्हणून मी पुसून घेतलं आणि पुन्हा पाजलं. पुढचे ६ दिवस ‘बाळं दूध काढतातच’ हे वाक्य घरच्यांनी ऐकवलं, एका दवाखान्यातही ऐकवलं आणि मी स्वतःची समजूत त्यावरच घातली. बहुतेक बाळांच्या बाबतीत ते अगदी खरं असतं. माझ्या मुलाच्या बाबतीत नव्हतं, आणि ते लक्षात आलं एका साध्या वहीमुळे.

आईबाप आधी विचार करतात तो किती दूध बाहेर पडलं याचा. त्यापेक्षा दुधाचा रंग, बाहेर पडण्याचा जोर, उलटीनंतर बाळ कसं वागतं आणि वजन, या चार गोष्टी बघा. पुढचं सगळं त्याभोवतीच आहे. मी डॉक्टर नाही. यातून गेलेली आई म्हणून, आणि नंतर डॉक्टरांना खोदून खोदून विचारून जे समजलं त्यावरून लिहितेय.

१. जवळ काय ठेवायचं

वही आणि पेन पाजायच्या जागेजवळ, हात पुरेल असं. डिजिटल थर्मामीटर. फिकट रंगाची, शक्यतो पांढरी दुपटी, म्हणजे टाकलेल्याचा रंग ओळखता येतो. गडद नक्षीच्या दुपट्यावर हिरवं आणि पिवळं सारखंच दिसतं. वजन दर वेळी एकाच काट्यावर आणि उघड्या अंगाने करायचं. दोन काट्यांमधला फरक बाळाच्या आठवड्याच्या वाढीइतका असू शकतो आणि मग उगाच घाबरायला होतं, किंवा उगाच निर्धास्त राहायला होतं.

वहीत चार रकाने पुरतात: किती वाजता पाजलं, किती वेळ प्यालं, शू-शी, आणि टाकलं असेल तर कसं. पहाटे ३ वाजता ‘मघाशी पाजलं का?’ हेही आठवत नाही, म्हणून डोक्यात ठेवू नका.

२. आधी पाजणं नीट होतंय का ते बघा

उलटीची काळजी करण्याआधी इथे वेळ द्या. पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याच अडचणी तोंडाच्या पकडीत असतात.

जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी घ्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. तो थोडाच असतो आणि बाळाला तेवढाच लागतो. ‘दूध आलंच नाही’ अशी समजूत होऊन याच दिवसांत वरचं दूध सुरू होतं आणि अंगावरचं मागे पडतं. पहिल्या आठवड्यांत २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं हे सर्वसाधारण प्रमाण आहे. रडणं हे भुकेचं शेवटचं लक्षण. त्याआधी बाळ मान वळवून शोधतं, जीभ बाहेर काढतं, मूठ तोंडात घालतं. तेव्हाच घेतलंत तर पकड चांगली जमते. रडून रडून लाल झालेलं बाळ तोंड उघडतं पण जीभ वर करून ठेवतं, मग बोंड आत जातच नाही.

पकड बरोबर असल्याची खूण: तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने जास्त आत गेलेला. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं हवं. मान वळवून गिळून बघा, किती अवघड जातं ते कळेल. पान्हा फुटला की चोखण्याची लय बदलते. आधी भराभर, मग खोल आणि संथ, आणि गिळल्याचा बारीक आवाज येतो. सुरुवातीच्या काही क्षणांनंतरही दुखत राहिलं, किंवा तोंडातून सुटलेलं बोंड चेपून तिरकं झालेलं दिसलं, तर करंगळीने हलकेच पकड सोडवून पुन्हा लावा. दुखणं सोसत पाजत राहू नका. बोंडाला चिरा पडतात, मग पाजायची धास्ती बसते आणि दूध साचून छाती दगडासारखी होते.

झोपाळू बाळाला जागं करावंच लागतं. कावीळ झालेली आणि थोडी आधी जन्मलेली बाळं मागत नाहीत, पडून राहतात, आणि घरचे म्हणतात ‘किती शहाणं आहे’. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसायला लागतो, त्यामुळे ३५-३६ आठवड्यांचं बाळ दिसायला पूर्ण असलं तरी पिताना लवकर दमतं. कपडे काढून उघड्या छातीशी घ्या, तळपाय चोळा, चोखणं मंदावलं की स्तन हलकेच दाबून दूध तोंडात सोडा. तरीही जमलं नाही तर हाताने काढून वाटी-चमच्याने पाजा. सलग दोन वेळा बाळ प्यायलाच उठलं नाही तर घरी थांबून राहू नका.

नाक चोंदलेलं बाळ दोन घोट घेऊन सोडतं आणि रडतं, कारण इतक्या लहान बाळांचा श्वास मुख्यतः नाकानेच चालतो. पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब डॉक्टरांना विचारून घाला. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर जीभ पुढे येत नाही. ती तपासणी मिनिटभराची असते, आवर्जून करायला सांगा.

३. पोटात पुरेसं जातंय का

स्तनात किती दूध आहे हे दिसत नाही, पण बाळाचे लंगोट मोजता येतात. पहिल्या दिवशी एकदा तरी शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा जास्त वेळा शू व्हायला हवी. शी आधी काळी-हिरवट आणि चिकट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. सुरुवातीला लंगोटावर विटेच्या भुकटीसारखे नारिंगी डाग दिसतात, तो लघवीतल्या क्षारांचा रंग असतो. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिले तर दूध कमी पडतंय असं समजून दाखवा.

पहिल्या काही दिवसांत वजन जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर तपासणी हवीच. साधारण दोन आठवड्यांत जन्मवजन परत यावं, आणि पुढे पहिले ३ महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ. रोज वजन करू नका, जीव टांगणीला लागतो. आठवड्यातून एकदा पुरे.

४. गुळणी की उलटी

अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू नवजात बाळात सैल असतो, जठर लहान असतं आणि अन्न सगळं पातळ. त्यामुळे दूध वर येतं. ओठाच्या कडेने ओघळलं, ढेकरेबरोबर बाहेर आलं, बाळ शांत आहे, वजन वाढतंय: ही गुळणी. अर्ध्या तासाने टाकलेलं दूध फुटलेलं, दह्यासारखं असतं. जठरातल्या आम्लाने ते तसं होतं, त्यात काही वावगं नाही. गुळण्यांचं प्रमाण चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि बहुतेक बाळांचं वर्षभरात थांबतं.

‘प्यालेलं सगळंच टाकलं’ असं वाटतं तेव्हा एक करून बघा. टेबलस्पूनभर, म्हणजे १५ मिलि पाणी, कोरड्या दुपट्यावर ओता. तळहाताहून मोठा डाग पसरतो. मी हे केलं तेव्हा आधीच्या कितीतरी रात्रींची भीती उतरली.

उलटीत पोट आवळतं, बाळ जोर करतं, चेहरा वेगळा होतो. तिचं पुढे पाहू.

५. गुळण्या कमी करण्यासाठी

एका वेळी कमी आणि जास्त वेळा पाजा. मध्ये आणि शेवटी ढेकर काढा, नंतर २०-३० मिनिटं उभं धरा. पोटावर लंगोट आवळून बांधू नका आणि पाजल्या पाजल्या लंगोट बदलताना पाय पोटाकडे दुमडू नका. पान्हा फार जोरात येत असेल तर मागे रेलून बसून पाजा, म्हणजे धार कमी होते.

वरचं दूध देत असाल तर हिशेब करा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला साधारण किलोमागे १५० मिलि लागतं. ३ किलोच्या बाळाला दिवसभरात ४५० मिलि, ८ वेळांत वाटलं तर एका वेळी ५५-६०. एकदम ९० मिलि भरलं तर बाहेर येणारच. पावडर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घ्या, त्याच डब्यातल्या चमच्याने. दूध टिकावं म्हणून पातळ करणं किंवा वजन वाढावं म्हणून घट्ट करणं, दोन्हींनी रक्तातल्या क्षारांचं गणित बिघडतं. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर मिसळा, मग कोमट करून पाजा. तयार केलेलं २ तासांत संपवा, उष्टं उरलेलं फेका.

एक गोष्ट मी प्रत्येकीला पुन्हा पुन्हा सांगते. दूध काढणारं बाळसुद्धा पाठीवरच झोपवायचं. ‘पाठीवर झोपवलं तर दूध श्वासात जाईल’ ही भीती मलाही होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला चढावं लागतं. पालथं झोपवलं की उलट होतं. डोक्याखाली उशी किंवा उतरती गादीही नको. त्यावर बाळ घसरतं, मान छातीवर वाकते आणि श्वास अडतो.

६. उलटीला तीन प्रश्न विचारा

*रंग कोणता?* पांढरं दूध किंवा दही असेल तर पुढच्या प्रश्नाकडे जा. पहिल्या दिवसांतलं फिकट पिवळं चिकाचं असू शकतं. गवतासारखं हिरवं असेल तर ते पित्त आहे, आणि मग सकाळची वाट बघायची नाही. आतड्याची मांडणी जन्मतः चुकलेली असेल तर आतडं स्वतःभोवती पिळतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. हे बहुतेकदा पहिल्या महिन्यातच होतं आणि आतडं वाचवायला काही तासच मिळतात. प्रत्येक हिरवी उलटी म्हणजे पीळ नव्हे, पण तो नाही हे रुग्णालयातच ठरू शकतं. बाळ हसरं दिसलं तरी निघा. लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं दिसलं तरी निघाच. स्तनाला चिरा असतील तर ते आईचंच गिळलेलं रक्त असू शकतं, म्हणून चिरांबद्दल डॉक्टरांना सांगा. निदान मात्र त्यांना करू द्या.

*जोर किती?* ओघळणं, सांडणं आणि फेकलं जाणं हे तीन वेगळे प्रकार आहेत. दर वेळी पाजल्यावर दूध लांब फेकलं जात असेल, आणि बाळ २ ते ८ आठवड्यांचं असेल, तर जठराच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद होणं, म्हणजे पायलोरिक स्टेनोसिस, हे डोक्यात आलंच पाहिजे. मुलग्यांत ते मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं, पहिल्या अपत्यात जास्त.

*उलटीनंतर बाळ काय करतं?* हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. माझा मुलगा टाकून झालं की दुसऱ्याच मिनिटाला तोंड उघडून शोधायला लागायचा, प्रचंड भुकेला. मी त्याला ‘बरं आहे, भूक तर आहे’ असं समजत होते. खरं तर दूध पुढे सरकतच नव्हतं, म्हणून तो भुकेला होता. सहाव्या दिवशी पाजून त्याला मांडीवर उताणा ठेवला होता, झबलं वर केलेलं. दिव्याचा उजेड तिरका पडत होता. पोटाच्या कातडीखाली एक उंचवटा डाव्या बरगडीखालून निघाला आणि हळूहळू उजवीकडे गेला. मग दुसरा. मग उलटी. जठर जोर लावून दूध पुढे ढकलू बघत होतं, त्याची ती लाट होती. मी मोबाइलवर पुढच्या वेळचं चित्रण केलं. याउलट उलटीनंतर बाळ मलूल पडत असेल, पिणं नकोसं होत असेल, तर जंतुसंसर्गाचा विचार आधी होतो.

७. थांबायचं नाही, लगेच निघायचं

- हिरवी किंवा रक्ताची उलटी
- ३ महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप, किंवा अंग गार पडून ३६ च्या खाली
- पिणं थांबणं, उठवूनही न उठणं, अंग सैल पडणं, झटके
- मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, कण्हणं, ओठ निळे
- पोट फुगून ताठ होणं
- जन्मानंतर २४ तासांत शी न होणं आणि सोबत उलट्या
- ८ तास शू नाही, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली. टाळू फुगून वर आलेली असली तरीही
- पहिल्याच पाजण्याला तोंडातून फेस, खोकला आणि निळं पडणं. बहुधा अजून रुग्णालयातच असाल, तिथेच आरडाओरडा करा
- दर पाजण्यानंतर फेकली जाणारी उलटी. ही पहिल्याच दिवशी दाखवा, माझ्यासारखे ६ दिवस घालवू नका

इथे चूक होते ती अशी: ‘ताप नाही ना, मग काही नाही.’ पीळ पडलेल्या आतड्याला सुरुवातीला ताप नसतो. आजारी नवजात बाळाचं अंग गारही पडू शकतं.

८. जाताना काय न्यायचं

जन्माच्या वेळचे डिस्चार्जचे कागद, लसीकरण कार्ड, सगळी वजनं, गरोदरपणातल्या सोनोग्राफीचे अहवाल (गर्भजल जास्त होतं का, हे डॉक्टर विचारतात), आई आणि बाळ घेत असलेल्या औषधांची यादी, व्हिटॅमिन के दिलं होतं का याची नोंद, वरचं दूध असेल तर डब्याचा फोटो. डाग पडलेलं दुपटं धुऊ नका, पिशवीत घालून न्या. उलटीचं चित्रण असेल तर सगळ्यात उत्तम, कारण दवाखान्यात बाळं नेमकी शांत झोपतात.

बोलताना ‘खूप उलट्या होतात’ असं म्हणू नका. आम्ही पहिल्या दवाखान्यात तेच म्हणालो आणि ढेकर काढायचा सल्ला घेऊन परतलो. दुसऱ्या ठिकाणी मी वही उघडून वाचलं: ‘काल ९ वेळा पाजलं, ७ वेळा फेकलं, पांढरं, नंतर लगेच भूक, शू ३ वेळा, ६ दिवसांत वजन ११० ग्रॅम कमी.’ डॉक्टर खुर्चीतून उठल्या आणि तिथेच पोट तपासायला घेतलं. तुमचं म्हणणं उडवून लावलं जातंय असं वाटलं तर सरळ विचारा, ‘हे पायलोरिक स्टेनोसिस नाही हे कशावरून?’ उद्धटपणा वाटेल याची भीड बाळगू नका.

निघताना ‘रस्त्यात भूक लागेल’ म्हणून गच्च पाजू नका. हिरवी उलटी असेल तर तोंडाने काहीच न देता फोन करून विचारा.

९. तिथे काय होतं

पायलोरिक स्टेनोसिससाठी पोट चाचपून लहानशी कडक गाठ शोधतात आणि सोनोग्राफी करतात. स्नायूची जाडी ३ मिलिमीटरच्या वर असेल तर निदान पक्कं होत जातं. माझ्या मुलाची ४ होती. सतत आम्ल बाहेर गेल्याने रक्तातलं क्लोराइड आणि पोटॅशियम उतरलेलं असतं. ते सलाइनमधून सुधारल्याशिवाय भूल देत नाहीत. म्हणून शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी ठेवली तर ‘उशीर का?’ म्हणून भांडू नका, तो उशीर बाळाच्या सुरक्षेसाठी असतो. शस्त्रक्रियेत फक्त जाड स्नायूला उभा छेद देऊन तो मोकळा करतात. जर्मन सर्जन कॉनराड रामस्टेट यांनी १९१२ मध्ये मांडलेलीच ही पद्धत आहे, आता ती बऱ्याच ठिकाणी दुर्बिणीतून होते.

हिरव्या उलटीला क्ष-किरण आणि आतड्यात रंगद्रव्य सोडून काढलेली चित्रं लागतात. संसर्गाचा संशय असेल तर रक्त, लघवी आणि कधी पाठीतलं पाणीही तपासतात. शीमध्ये रक्ताच्या रेषा, अंगावर चट्टे आणि उलट्या एकत्र असतील तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी आहे का, हे बघतात.

१०. स्वतःच्या मनाने करू नयेत अशा गोष्टी

पाणी, साखरपाणी, ग्राइप वॉटर नको. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही, त्यातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम हा अंग लुळं पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. उलटी थांबवायची किंवा आम्ल कमी करायची औषधं शेजारच्या बाळाला चालली म्हणून देऊ नका. छान वाढणाऱ्या, नुसत्या गुळण्या टाकणाऱ्या बाळाला त्यांचा उपयोग नसतो. दूध घट्ट करायची पावडर डॉक्टरांनी सांगितली तरच. आणि उलट्या होतात म्हणून अंगावरचं तोडू नका. रुग्णालयात बाळ उपाशी असेल तेव्हा दर २-३ तासांनी दूध काढत राहा, नाहीतर बाळ बरं होईपर्यंत दूध आटलेलं असतं. तिथे दूध साठवायची सोय असते का, ते परिचारिकांना पहिल्याच तासात विचारा.

११. घरी परतल्यावर

शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच थोडं थोडं पाजायला सुरुवात होते. पहिले एक-दोन दिवस थोड्या उलट्या होतात, जठर सुजलेलं असतं म्हणून. हे मला एका परिचारिकेने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्या रात्री मी कोसळले नाही. त्यानंतरही फेकणं चालू राहिलं, जखम लाल झाली किंवा ताप आला तर परत जायचं. वहीचे रकाने तेच ठेवा आणि वजन आधीच्याच काट्यावर करा. आमचं ८ दिवसांनी केलं, २६० ग्रॅम वाढलं होतं. काट्यावरून उचलून खांद्यावर घेतला तेव्हा त्याने छोटीशी गुळणी टाकली. पांढरी, ओठाच्या कडेने ओघळलेली.